दात दाखवा!
(स्नेहमेळाव्याच्या पहिल्या दिवशी दुपारच्या सत्रात केलेले भाषण)



संयोजकांनी फोनवर सांगितलं, "तू वीस मिनिटं बोल." कशावर, म्हणून विचारलं तर म्हणाले, "तुझ्या व्यवसायातलं काहीतरी सांग. पण जेवणाच्या आधीचं सत्र आहे, रक्तबिक्त नको." रक्ताबद्दल न बोलता मला हा विषय सांगता येणार नाही. तेव्हा माफी आत्ताच मागून ठेवते.

आपल्याला सोमवारची तपासणी आठवत असेल. प्रार्थना संपली की पीटीचे सर रांगेतून फिरायचे. आधी नखं, मग गणवेश, मग ती गर्जना, "दात दाखवा!" आपण सगळे 'ई' करून उभे. ज्याच्या दातांवर राखुंडीचा किंवा माकडछाप काळ्या पावडरचा डाग दिसेल त्याला मैदानाला एक फेरी. सर आज समोर बसले आहेत, म्हणून जपून बोलते. सर, तुम्ही दहा वर्षं आमच्या दातांची बाहेरची बाजू पाहिलीत. मी गेली तेहेतीस वर्षं आतली बाजू पाहते आहे. सगळा घोटाळा आत असतो.

हे मी फुशारकी म्हणून सांगत नाही. घरी आरशासमोर उभं राहून जीभ वर करा आणि खालच्या पटाशीच्या दातांची मागची बाजू पाहा. जिभेच्या टोकाने चाचपलंत तरी चालेल. खरखरीत, पिवळसर कड लागली, तर ते कीटण. ते तिथेच का साठतं? जिभेखाली लाळेच्या ग्रंथींची तोंडं उघडतात. लाळेत कॅल्शियम आणि फॉस्फेट असतं, आणि त्या लाळेचा पहिला मारा याच दातांवर होतो. दुसरी तशी जागा म्हणजे वरच्या दाढांची गालाकडची बाजू. गालातल्या मोठ्या ग्रंथीची नळी तिथे उघडते. आपल्या गावात बोअरचं पाणी ज्या नळाला येतं त्याच्या तोंडाशी पांढरा थर धरतो, तसंच थोडंफार.

थर नुसता क्षारांचा असता तर मी एवढं बोलले नसते. आधी दातावर जिवाणूंचा मऊ, चिकट साय धरल्यासारखा पापुद्रा बसतो. तो ब्रशने निघतो. ब्रश जिथे पोचत नाही तिथे तो राहतो आणि काही दिवसांत लाळेतल्या क्षारांनी दगडासारखा होतो. एकदा दगड झाला की कुठलीही पेस्ट, मीठ, कोळसा, लिंबू त्याला काढू शकत नाही. लिंबाने तर दाताचंच आवरण झिजतं. आणि त्या खडबडीत दगडावर नवा पापुद्रा आणखी सहज बसतो.

हे जिवाणू पहिल्यांदा ज्याने पाहिले तो डॉक्टर नव्हता, हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावचा कापड व्यापारी होता. अँटनी व्हान लेवेनहुक. त्याने स्वतःच्या दातांच्या फटीतली साय स्वतः घासलेल्या भिंगाखाली धरली आणि १६८३ साली लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र लिहिलं, की हिच्यात जिवंत प्राणी वळवळताहेत. हा माणूस रोज मिठाने दात घासायचा, म्हणजे सरांच्या तपासणीत सहज पास झाला असता. विज्ञानाच्या बाईंनी आठवीत कांद्याचा पापुद्रा सूक्ष्मदर्शकाखाली दाखवला होता. बाई, त्या दिवशी आमच्या दातांवरचं काही दाखवलं असतंत, तर निम्मा वर्ग दुसऱ्या दिवशी दोनदा दात घासून आला असता.

आता रक्ताकडे येते, आणि त्यासाठी मला आपल्यातल्याच एकाची गोष्ट सांगायची आहे. त्याची परवानगी घेतली आहे. हे भाषण त्याला आधी वाचूनही दाखवलं. त्याने दोन ठिकाणी दुरुस्त्या केल्या. नाव मी घेणार नाही. पण 'बिगुल' हा शब्द उच्चारला की तुम्ही सगळे मान वळवून त्याच्याकडेच बघणार. बघितलंत ना!

पंधरा ऑगस्ट आणि सव्वीस जानेवारीला झेंडा वर जाताना तो बिगुल वाजवायचा. आम्ही मुली पलीकडच्या रांगेत. शाळेच्या दहा वर्षांत मी त्याच्याशी चार वाक्यं बोलले नसेन. त्या काळी तशीच रीत होती. पण तो सूर मात्र आम्हा सगळ्यांचा होता.

२०१४ साली आपण तीस वर्षांनी पहिल्यांदा एकत्र जमलो. कुणीतरी संगीताच्या कपाटातून तो जुना, काळा पडलेला बिगुल शोधून आणला आणि त्याच्या हातात दिला. "वाजव रे!" तो म्हणाला, "आता दम राहिला नाही." सगळे हसले. तोही हसला, पण हसताना त्याने रुमाल तोंडाशी नेला. दुपारी जेवताना मी त्याच्या समोरच्या रांगेत होते. तो पोळीचे बारीक तुकडे करून एकाच बाजूने चावत होता. पेरूची फोड त्याने तशीच ठेवली. वरच्या दोन पटाश्यांमध्ये फट पडली होती आणि ती शाळेतली नव्हती. शाळेतला सामूहिक फोटो माझ्याकडे आहे. हिरडी लालबुंद, फुगलेली. एवढं दिसायला मला आरसा लागत नाही.

मी काही बोलले नाही.

मनात म्हटलं, इतक्या वर्षांनी माणूस भेटतोय, त्याला काय सांगायचं, तोंड उघड म्हणून? समारंभात डॉक्टरकी कशाला? निघताना त्याला माझं कार्ड द्यावं असं वाटलं होतं. पण कार्ड देणं म्हणजे गिऱ्हाईक गोळा करणं, असंही वाटलं. ते कार्ड पर्समध्येच राहिलं.

२०१९ च्या पावसाळ्यात तो स्वतःच आला, मुलाला बरोबर घेऊन. वरचे पुढचे चार दात बोटाने हलत होते. आमच्याकडे मिलिमीटरच्या खुणा असलेली एक बारीक सळई असते. दात आणि हिरडीच्या मधल्या खाचेत ती हलकेच सरकवायची. निरोगी हिरडीत ती दोन-तीन मिलिमीटर जाते. त्याच्या त्या दातांशी ती आठ मिलिमीटर गेली. एक्स-रेमध्ये मुळाभोवतीचं हाड दोन-तृतीयांश गेलेलं. मी विचारलं, "दुखत नव्हतं का रे?" तो म्हणाला, "दुखलं असतं तर आलो नसतो का?"

पायोरियाचं सगळं कपट या एका वाक्यात आहे. किडलेली दाढ रात्री झोपू देत नाही, म्हणून माणूस सकाळी धावत येतो. हिरडीचा रोग दहा-पंधरा वर्षं न दुखता चालतो. तो फक्त एक निरोप पाठवतो, ब्रशला लागलेलं रक्त. आणि निरोप मिळाल्यावर माणसं काय करतात? यानेही तेच केलं. "रक्त यायचं म्हणून मी तिथे घासणंच सोडलं." निरोगी हिरडीतून ब्रशने रक्त येत नाही, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. जिथून रक्त येतं तिथे साय साठली आहे आणि शरीर तिच्याशी झगडतंय, असा त्याचा अर्थ. तिथेच मऊ ब्रशने नीट घासायचं असतं. तो बरोबर उलट वागत राहिला.

डेन्मार्कमध्ये आर्हुस इथे हाराल्ड लो नावाच्या संशोधकाने १९६५ साली एक साधा प्रयोग केला होता. चांगल्या हिरड्यांच्या बारा जणांना दात घासणं पूर्ण बंद करायला सांगितलं. दहा ते एकवीस दिवसांत बाराही जणांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासायला लागल्यावर त्या साधारण आठवड्याभरात पूर्ववत झाल्या. म्हणजे हिरडीची सूज ही परतीची वाट असलेली जागा आहे. सूज खाली उतरून हाड खायला लागली, की मग वाट एकेरी. गेलेलं हाड सहसा परत येत नाही. उरलेलं टिकवता येतं, बस.

त्याला मी आधी रक्तातली साखर तपासायला पाठवलं, कारण ती तोंडातच दिसत होती. रिपोर्ट आला आणि मधुमेह निघाला, चांगलाच वाढलेला. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर नोकरी केलेला हा माणूस मला म्हणतो, "आयुष्यभर दुसऱ्याची साखर मोजली, स्वतःची राहिली." (ही त्याची पहिली दुरुस्ती. आधी मी हे वाक्य माझं म्हणून लिहिलं होतं.) मधुमेहात हिरडीचा रोग जास्त होतो आणि जोराने वाढतो, हे पुष्कळांना ठाऊक असतं. उलटही खरं आहे. हिरडीच्या आतली घाण काढली, सूज उतरली, की तीन-चार महिन्यांत एचबीए१सीचा आकडा थोडा खाली येतो. औषध सोडण्याइतका नाही, पण मोजता येईल इतका. इथे बसलेल्यांपैकी किती जण सकाळी गोळी घेऊन आलात ते मी विचारत नाही. चहाच्या टेबलावर बिनसाखरेच्या किटलीपुढची रांग मी पाहिली आहे.

ते चार दात मला वाचवता आले नाहीत. काढावे लागले. बाकीच्यांची मुळांपर्यंतची सफाई तीन-चार बैठकींत, बधिर करून केली. २०१४ साली मी तोंड उघडलं असतं तर ते चार वाचले असते का, हे छातीठोकपणे नाही सांगता येणार. हाड तेव्हाही थोडं गेलेलंच असणार. पण पाच वर्षं हा फार मोठा काळ होता, आणि तो माझ्या डोळ्यांदेखत गेला. दात काढले त्या दिवशी तो खुर्चीतून उठता उठता म्हणाला, "त्या वेळी दम होता गं. बिगुल ओठाला टेकवला की दात हलल्यासारखे वाटायचे, म्हणून नाही म्हटलं." बिगुलाचं तोंड ओठावर दाबतात आणि ओठाला आधार याच वरच्या दातांचा असतो.

आता तुमच्या शंका घेते. त्या मला तोंडपाठ आहेत.

"दात साफ केले की हलायला लागतात." हे मी रोज ऐकते, आणि सांगणारा खोटं बोलत नसतो. त्याचा अनुभव खरा असतो, कारण तेवढं चुकलेलं असतं. हाड आधीच गेलेलं असतं आणि कीटणाच्या दगडाने शेजारशेजारचे दात सिमेंट लावल्यासारखे जखडलेले असतात. दगड काढला की हलणं कळतं, फट दिसते. गळक्या भिंतीवरचा कॅलेंडर काढल्यावर ओल दिसली, तर ती कॅलेंडर काढल्याने आली म्हणायचं का? चार-आठ दिवस गार पाणी झोंबतं, हेही खरं. झाकलेलं मूळ उघडं पडतं म्हणून. बहुतेकांचं आपोआप थांबतं.

"मशीनने दाताचं आवरण खरवडतं." त्या यंत्राचं टोक सेकंदाला पंचवीस-तीस हजार वेळा थरथरतं, त्या थरथरीने कीटण सुटतं आणि पाण्याच्या फवाऱ्याने वाहून जातं. ते फिरत नाही, दाढ कोरणाऱ्या यंत्रासारखं कापत नाही. जाणत्या हातात दाताला इजा होत नाही. आवरण झिजवायला आपले लोक घरी जे करतात ते पुरेसं असतं: कडक ब्रश, करवत चालवल्यासारखा हात आणि काळी पावडर.

"माझे आजोबा कधी डेंटिस्टकडे गेले नाहीत, नव्वदीत ऊस खायचे." हे मात्र मला फार आवडतं, कारण यात तथ्य आहे. श्रीलंकेतल्या चहाच्या मळ्यांत काम करणाऱ्या ४८० पुरुषांचे दात १९७० ते १९८५ अशी पंधरा वर्षं पाहिले गेले. तेच लो आणि त्यांचे सहकारी. त्या कामगारांना ब्रश ठाऊक नव्हता, दंतवैद्य ठाऊक नव्हता. कीटण सगळ्यांना होतं. तरी शंभरातल्या अकरा जणांचा रोग हिरडीच्या पुढे गेलाच नाही. एक्याऐंशी जणांचा मध्यम गतीने वाढला आणि आठ जणांचा झपाट्याने, इतका की चाळिशी-पंचेचाळिशीत तोंड जवळजवळ रिकामं. तुमचे आजोबा त्या अकरांत होते. तुम्ही कशात आहात हे सळई लावल्याशिवाय मलाही सांगता येत नाही.

"सहा महिन्यांनी यायलाच हवं का?" इथे मी माझ्याच व्यवसायाच्या थोडं विरुद्ध बोलणार आहे. सहा महिने ही काही वेदवाक्य नव्हे. ब्रिटनमध्ये १,८७७ लोकांवर तीन वर्षं चाललेला एक मोठा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना हिरडीचा गंभीर रोग नाही आणि जे तपासणीला नियमित जातात, त्यांच्यात दर सहा महिन्यांनी सफाई, वर्षाने सफाई किंवा ठरावीक सफाई नाहीच, असे तीन गट केले. हिरडीच्या रक्तात तिन्ही गटांत फरक दिसला नाही. मी हे वाचलं तेव्हा थोडी नाराज झाले, खोटं कशाला बोलू! दुसरीकडे स्वीडनमधल्या कार्लस्टाडचं काम आहे. तिथे १९७२ पासून काही शे लोकांना नियमित बोलावून सफाई केली आणि दर खेपेला घरी कसं घासायचं ते हाताला धरून शिकवलं. तीस वर्षांनी सर्वांत वयस्कर गटाचेसुद्धा सरासरी दोनहून कमी दात पडले होते. मी दोन्ही शेजारी ठेवते तेव्हा मला असं दिसतं, की नुसत्या खरडून घेण्यात फारसा जीव नाही. नियमित कुणीतरी आत डोकावणं, मोजणं, चुकतंय ते दाखवणं आणि साठलंय ते काढणं, हे सगळं मिळून ती सफाई होते. ब्रिटनमधल्या सरकारी मार्गदर्शनात तर मोठ्या माणसांच्या तपासणीचं अंतर तीन महिन्यांपासून चोवीस महिन्यांपर्यंत, माणूस पाहून ठरवा, असंच सांगितलं आहे. आपल्या वयाच्या, रक्त न येणाऱ्या, चांगलं घासणाऱ्या माणसाला मी वर्षातून एकदा या म्हणते. मधुमेह असेल, हाड गेलेलं असेल, तंबाखू असेल तर तीन-चार महिन्यांनी. तिथे मी घासाघीस करत नाही.

तंबाखूवरून आईचं सांगते. माझी आई मिश्री लावायची. तुमच्यातल्या पुष्कळांच्या आया लावायच्या. तव्यावर तंबाखू भाजल्याचा तो ठसकेदार वास दुपारी गल्लीभर यायचा, आठवतो? डेंटलच्या दुसऱ्या वर्षाला असताना सुट्टीत मी मोठ्या रुबाबात आईला म्हटलं, तोंड उघड. तिच्या हिरड्या फिक्या, घट्ट दिसल्या, रक्ताचा थेंब नाही. मी म्हटलं, छान आहे. निकोटीनने हिरडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि रोग असूनही रक्त येत नाही, हे मी पुढच्या वर्षी शिकले. म्हणजे तंबाखू तो एकुलता एक निरोपही अडवून ठेवते. आईचे सगळे दात बावन्नाव्या वर्षी गेले. कवळी तिला कधीच नीट बसली नाही. पाहुणे आले की ती स्वयंपाकघरात जेवायची. मिश्री लावणारी, सिगारेट ओढणारी माणसं मला अभिमानाने सांगतात, "माझ्या हिरड्यांतून कध्धी रक्त येत नाही." त्यांनाच मी आधी खुर्चीत बसवते.

घरी काय करायचं ते पटकन सांगते, जेवणाची घंटा व्हायची आहे. मऊ ब्रश. दोन मिनिटं, घड्याळ लावून. ब्रश हिरडीच्या कडेला थोडा तिरका. दोन वेळांपैकी एक वेळ टळलीच तर सकाळची टळू दे, रात्रीची नको. दातांच्या फटींसाठी बाटली धुवायच्या ब्रशसारखे छोटे ब्रश मिळतात, ते वापरा. टाचणी, काडेपेटीची काडी, बाईंच्या डोक्यातला आकडा, हे नको.

आपला बिगुलवाला गेली पाच वर्षं दर तीन महिन्यांनी येतो. आता पुढे ब्रिज बसवला आहे. उरलेल्यांपैकी एकही दात हलत नाही. साखर आटोक्यात आहे. बिगुलाचा सूर पूर्वीसारखा लागत नाही, वरचा स्वर फाटतो, असं तो म्हणतो. (ही दुसरी दुरुस्ती. मी 'लागत नाही' एवढंच लिहिलं होतं. त्याने 'पूर्वीसारखा' घालायला लावलं.)

शेवटी एक निवेदन, संयोजकांच्या परवानगीने. उद्या सकाळी झेंडावंदनानंतर साडेआठपासून विज्ञानाच्या प्रयोगशाळेत मी बसणार आहे. माझ्याबरोबर दोन सहायक, आरसे आणि ती सळई आहे. सफाई इथे करणार नाही, तेवढी सोय नाही. फक्त पाहणार, मोजणार आणि कागदावर लिहून देणार. तो कागद घेऊन तुम्ही पुण्या-मुंबईला, कोल्हापूरला, जिथे राहता तिथल्या तुमच्या डेंटिस्टकडे जा. माझ्याकडेच या असं मुळीच नाही. पहिल्या रांगेत शिक्षक, त्यातही पीटीचे सर पहिले. नावं लिहून घ्यायला दाराशी बिगुलवाला उभा असेल. तो हाक मारील, तेव्हा सर, दात तुम्हाला दाखवायचे आहेत.